सेफ्टी कॅच नसलेली रायफल

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. सत्तरीत मी ब्रिस्टलजवळच्या एका रायफल क्लबात नाव घातलं. विमानाच्या भागांची सुरक्षितता तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यातच पीएच.डी. केली, तरी गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या वाटेतून परत येतो. क्लबातही तेच. आत गोळी राहिली नाही ना, म्हणून चेंबर तीनदा बघायचो. मागे लोक ताटकळायचे.

उमेदवारीचे महिने संपले तेव्हा सेक्रेटरी डेरेकला मीच म्हणालो, "मला कायमचं सभासद करू नका. माझाच माझ्यावर भरवसा नाही."

त्याने क्लबची जुनी फ्रेंच लष्करी रायफल माझ्या हातात दिली. मी चेंबर तीनदा पाहिलं आणि चुकून गोळी सुटू नये म्हणून असते ती सेफ्टी कॅच शोधू लागलो. सापडेना.

"फ्रेंचांनी बसवलीच नाही, डॉक," डेरेक म्हणाला. "म्हणून ही मी कोणालाही देत नाही. तीनदा बघणारा माणूस हवा होता. शनिवारी या."

शनिवारी गाडीपर्यंत गेलो आणि परत आलो.

"अहो, गॅस बंद आहे," बायको म्हणाली.

"माहीत आहे. सराव करतोय."