गाठीसकट

सार्वजनिक बाग बघून झाली होती. फाटकाबाहेर बागप्रेमी मंडळाच्या बायका परतीच्या बससाठी रांगेत उभ्या होत्या. माझ्या पुढे दोघी नणंद-भावजया.

“वहिनी, अहो आपण बाग बघायला आलो होतो. ‘फुलांना हात लावू नये’ अशी पाटी होती समोर!”

“फुलांना कुठे लावला? गुलाबाच्या वाफ्यात लव्हाळा माजला होता. तो बघून गप्प बसणारी बाई मंडळात कशाला येईल?”

“रखवालदार शिट्टी फुंकून फुंकून दमला.”

“फुंकू दे की! मी बसले तशा सगळ्याच बसल्या. अख्खा वाफा लख्ख केला. शेवटी माळीबुवांनीच खुरपी आणून दिली.”

“तोवर तुम्ही नुसत्या हाताने उपटत होतात?”

“गाठीसकट! लव्हाळा नुसता ओढला की वरच तुटतो मेला, मुळाची गाठ मातीतच राहते. बुडाशी घट्ट धरून, हलवून हलवून काढावा लागतो.”

“कोणत्या हाताने धरलात?”

“कोणत्या म्हणजे? ह्या.”

“वहिनी, हा उजवा आहे.”

“अगंबाई!”

“अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्या हातात चमचा राहत नव्हता तुमच्या. दादा तर म्हणत होता, आता एवढ्यावरच समाधान मानायचं.”

“थांब. तुझी पर्स दे इकडे. हं, धरली. आता ओढ.”

“ओढतेय.”

“जोर लाव गं!”

“अहो लावतेय, सुटत नाहीये!”

“डॉक्टरांनी दाबायला दिलेला तो रबरी चेंडू कुठाय?”

“तुमच्याच पिशवीत.”

“नातवाला देऊन टाक खेळायला. आणि वाटेत बस थांबली, की मला एक खुरपं घे.”