समासातले शेरे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय लालासाहेब, विश्रामबागेच्या कॉलेजातून आलेल्या प्राध्यापक शिवांजलीताई, सत्कारमूर्ती ग्रंथपाल नानासो, व्यासपीठावरील मान्यवर आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या वाचक बंधुभगिनींनो,

ताईंनी आत्ता संतकवितेतल्या मानवतावादावर सुंदर सांगितलं. मी चौथी शिकलेली. हा शब्द मला आज कळला. पण तो सहा वर्षांपूर्वीच आमच्या घरात आला होता. कसा, ते सांगते. नानासोंना सोडून ही भलतीकडं कुठं निघाली, असं वाटेल. पण वाट त्यांच्याच टेबलावरून जाते.

आमचे हे फौजेतले हवालदार. निवृत्तीनंतर या वाचनालयातली अभंगांची पुस्तकं न्यायचे आणि समासात पेन्सिलीनं शेरे मारायचे. ‘मान्य.’ ‘अमान्य.’ ‘पुन्हा तपासा.’ संतांनाही सुट्टी नाही! ते गेले तेव्हा शेवटचं पुस्तक घरीच राहिलं. तेराव्यानंतर मी परत द्यायला आले. नानासोंनी पानं उलटली आणि कपाळावर हात मारला.

“आवं वहिनी, पुस्तक हाय का पलटणीचं हजेरीपत्रक?”

“नवं भरून देते.”

“नवं नको. न्या, आन् आधी हे वाचून आणा.”

मी बोट ठेवून वाचायला लागले. एका अभंगाचा अर्थ असा होता, की दारी आलेल्याचं नावगाव विचारण्याआधी त्याची तहान विचार. समासात ह्यांचा शेरा: ‘मान्य. पण आपल्या घरी तांब्या वेगळा.’

आता लपवायचं काय? खतासाठी रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या कोंडीबासाठी मी ओसरीच्या कोनाड्यात जर्मनचा तांब्या वेगळा ठेवायचे. चाळीस वर्षांत हे एका शब्दानं बोलले नाहीत. समासात बोलून गेले. आता भांडायचं तरी कुणाशी?

दुसऱ्या दिवशी कोंडीबाला घरातला पितळी तांब्या दिला.

“काकी, तांब्या चुकला जणू?”

“आजवर चुकला हुता. पी.”

“मग च्याची कपबशी बी घरातलीच काढा की!”

तो बघा, दाराशी हसतोय. आत ये रं, आता दारात कशाला उभा?

त्या शेऱ्याखाली मी लिहिलं, ‘दुरुस्ती केली.’ तेव्हापासून ह्यांच्या प्रत्येक ‘अमान्य’खाली माझं उत्तर आहे. आमचा संसार त्या पुस्तकात अजून चालू आहे. मी इथं आले की नानासो तेच पुस्तक पुढं करतात आणि शेरे खोडायचं खोडरबर टेबलाखाली लपवतात. एवढ्या नियमाच्या माणसानं माझ्यासाठी एक नियम मोडला. ताई, तुमचा तो मोठा शब्द मला इथंही भेटला.

परवाच्या पडताळणीत समितीनं ते पुस्तक ‘खराब’ म्हणून बाद केलंय. उद्या रद्दीत जाईल. नानासो म्हणाले, “वहिनी, घरी न्या.” पण घरी ते माझ्या एकटीचं होईल. इथं आणखी कुणी वाचेल. वेगळा तांब्या काय माझ्याच घरात होता? अध्यक्षसाहेब, ते कपाटात राहू द्या. नानासोंना शालीपेक्षा त्याची ऊब जास्त लागेल.

बघा, लालासाहेबांनी मान डोलावली. सगळ्यांनी पाहिलंय हं, आता माघार नाही!

नानासो, तुमचे उपकार मानते. मंडळी, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल, तर त्याच पुस्तकाच्या समासात लिहा. पेन्सिल मी ठेवून जाते. ह्यांचीच आहे.