गोपनीय गाडी

कपाशीवर औषध फवारता फवारता विषबाधेनं माणसं पडत होती, तेव्हाची गोष्ट. मी सरकारी दवाखान्यात कंत्राटी अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होतो. गाडी कवाचीच बंद. तेवढ्यात आमदारांची समिती तपासणीले आली. ठेकेदारानं मले आधीच बजावलं, "कंत्राट गोपनीय हाय. तोंड उघडलं तं घरी बसशीन."

समितीतल्या आमदार बाईंनी नेमकं मलेच विचारलं, "गाडी चालते का?"

ठेकेदार समोरच उभा. मी एक नजर त्याच्याकडे टाकली. म्हटलं, "मॅडम, मले बोलाची मनाई हाय."

"कोणाची?"

"तेही सांगाची मनाई हाय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मनाई तुम्हाला आहे, गाडीला नाही. चाबी फिरवा."

मी गाडीत बसलो. फिरवली. इंजिन ढिम्म. बाईंनी कंत्राटाची फाईल तिथंच मागवली.

ठेकेदार मले काय म्हणणार? मी तं काहीच बोललो नव्हतो.