वरची बांधी, खालची बांधी

उर्वशी : आजी, स्क्रीनले हात नको लावू. आधीच सारं विस्कटलं आहे.

आनंदाबाई : मी काय विस्कटवन? कोंबड्यांनी उकरल्यावानी तूच करून ठेवलं. काय होय हे?

उर्वशी : एका दवाखान्याच्या माहितीचा नकाशा. एकएक चौकोन म्हणजे एकएक यादी. हे पेशंट, हे डॉक्टर, हे वॉर्ड, ह्या खाटा. कोणती यादी कोणावर टेकून आहे, ते बाण सांगतात.

आनंदाबाई : अन् बाण पेशंटच्या छातीवरून काहून चालले?

उर्वशी : तेच तर. सॉफ्टवेअर आपल्या मनानं मांडते. मी एक चौकोन नीट ठेवला, का बाकीचे उचलून भलतीकडे फेकते. सकाळपासून हेच करून राहिली मी. साडेदहाले रत्नमाला मॅडमले दाखवायचं आहे. गावातून काम जमते हे आज दिसलं नाही, तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात. सानगडीत राहणं बंद.

आनंदाबाई : कोन करते बंद? सरक तिकडे. पाणी कुठून येते ते सांग.

उर्वशी : यात कुठलं पाणी?

आनंदाबाई : तलावाजवळची धानाची बांधी वर. तिच्यातून खालची भरते, तिच्यातून तिच्या खालची. ह्या चौकोनात असा कोन आहे, जो कोनाचंच घेत नाही?

उर्वशी : पेशंट.

आनंदाबाई : त्याले वर ने. अन् साऱ्यायचं घेनारा?

उर्वशी : 'भरती'. पेशंट पाहिजे, खाट पाहिजे, डॉक्टर पाहिजे.

आनंदाबाई : थे बुडाशी. खाट?

उर्वशी : वॉर्डाच्या खाली. वॉर्डले मुख्य डॉक्टर लागते, म्हणून डॉक्टर त्याच्या वर. पण डॉक्टरले वॉर्ड लागते, म्हणून वॉर्ड...

आनंदाबाई : त्यातलं एक लबाड आहे. दोन बांध्या एकमेकीले पाणी देत नाहीत, पोरी. माह्या थोरल्या भासऱ्यानं, तुया आज्याच्या मोठ्या भावानं, असंच सांगतलं होतं, तुमचं आमच्यात येते, आमचं तुमच्यात. मी दोन बांध्यायच्या मधातल्या धुऱ्यावर जाऊन बसली. दुपारपर्यंत साऱ्या गावानं पाह्यलं, पाणी एकाच अंगाले वाहे. तुया दवाखाना नवा उघडला, तर आधी काय पाहिजे?

उर्वशी : आधी वॉर्ड. मंग त्यात डॉक्टर नेमतात. थांब. मुख्य कोण, ही खूण डॉक्टरच्याच यादीत केली तर वॉर्डाचा बाण लागतच नाही. म्हणून सॉफ्टवेअरले वर कोण, खाली कोण, समजत नव्हतं.

आनंदाबाई : अन् तू सकाळपासून त्या बिचाऱ्याले शिव्या देऊन राहिली.

उर्वशी : काढला तो बाण. आता सॉफ्टवेअरले मांड म्हणते. आजी, पाह्य. सारे ओळीत बसले.

आनंदाबाई : आता कशी रोवलेली बांधी दिसते.

(साडेदहा वाजता स्क्रीनवर रत्नमाला मॅडम येतात.)

रत्नमाला : उर्वशी, इथे तीन जण आठवडाभर या गुंत्यात अडकलेत. तू कुठलं लेआउट निवडलंस?

उर्वशी : लेआउटचा दोष नव्हता, मॅडम. डॉक्टर आणि वॉर्ड एकमेकांवर टेकले होते. माझ्या आजीनं पकडलं.

रत्नमाला : आजी डेटाबेसमध्ये आहेत?

आनंदाबाई : मी दुसरी पास आहे, बाई. पन तलावाचं पाणी पंधरा वर्षं वाटलं. एका बांधीनं नाव ठेवलं नाही.

रत्नमाला : मग उर्वशीला तिथंच राहू दे. उरलेले दोन नकाशेही पाठवते. आजींनाही दाखव.

उर्वशी : ऐकलं का, आजी? मॅडम गेल्या. आता पुण्यासाठी भरलेली बॅग सोडून ठेवते.

आनंदाबाई : सोडायले काय आहे तिच्यात? तुये कपडे मी कालच कपाटात लावले. बॅगेत आता लाखोरीची डाळ आहे.