यादीत नाव होतं

(मोठ्या संगणकाची थंड खोली. दुपार. बहीण आणि धाकटा भाऊ.)

ताई : ‘निरोप धाड, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय जागची उठू नकोस,’ असं बाबांनी बजावलं होतं मला. अजून कानात आहे.

धाकटा : बस आधी. गारठा आहे इथे, शाल घे.

ताई : नऊ वर्षांनी बोलावलंस ते शाल द्यायला?

धाकटा : हे यंत्र येत्या सोमवारी भंगारात निघणार. यंत्र स्वतःपुरत्या छापून ठेवतं, त्या जुन्या नोंदींचे गठ्ठे फाडायचं काम माझ्याकडेच आलं. त्यात हा कागद सापडला. तुझ्या गावच्या शाखेतून इथल्या यंत्रावर आलेला निरोप.

ताई : चष्मा घरी राहिला. तूच वाच.

धाकटा : ‘बाबा अत्यवस्थ. तुझी वाट पाहतात. लगेच नीघ. ताई.’ दहा वाजून वीस मिनिटं.

ताई : मग मी काय खोटं सांगत होते? ट्रंक कॉल लागेना, म्हणून कचेरीत धावले. आधी यंत्रावर कोण कोण आहे ती यादी पाहिली. तुझं नाव होतं. या डोळ्यांनी पाहिलं.

धाकटा : नाव होतं. मी नव्हतो.

ताई : कोडी घालू नकोस रे.

धाकटा : तीन दिवसांचं काम लावलं होतं. असं लांबलचक काम असलं की आम्ही ते चालू ठेवून आपल्या पडद्याची जोडणी तोडून उठायचो. काम आत चालतं, नाव यादीत राहतं. पण समोर पडदाच नाही, तर निरोप उमटणार कशावर?

ताई : मग कुठे साठत नाही तो?

धाकटा : साठतो. उठण्याआधी ‘नोंद ठेव’ म्हणून सांगितलं असेल तर. माझ्या नावाची नोंद मी बंद केली होती. जागा भरते म्हणून. मोठा काटकसरी लागून गेलो!

ताई : आणि तू होतास कुठे?

धाकटा : पलीकडच्या खोलीत टेपा चढवत होतो. वीस पावलांवर.

ताई : अरे देवा.

धाकटा : खालची ओळ ऐक. यंत्रानं तुलाच उलट कळवलंय. ‘वापरणारा जोडलेला नाही. निरोप दिलेला नाही.’

ताई : काय म्हणालास?

धाकटा : ‘दिलेला नाही.’

ताई : एक ओळ आली होती खरी. दिवसभर शेकडो नोंदी भरायचो आम्ही, प्रत्येकीखाली ‘घेतलं’ म्हणून ओळ यायची. ती वाचतंय कोण? बोट आपसूक पुसायच्या बटणावर जायचं. मी पुसली रे ती.

धाकटा : बाबांना काय सांगितलंस?

ताई : उत्तर आलं, निघालाय, म्हटलं. म्हटलं, तेवढ्या आशेवर तग धरतील. दोन दिवस मान दाराकडे. शेवटी म्हणाले, ‘त्याच्या मनातच नाही. दार लोटून घ्या.’

धाकटा : म्हणजे मला कळूनही मी आलो नाही, असं समजून गेले.

ताई : हो.

धाकटा : बाबा गेल्याची तार मिळाल्यावर धावत आलो, तर आईनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. निरोप मिळाला नाही म्हणून गळा काढून सांगत होतो.

ताई : यादीत नाव होतं, असं मीच तिला म्हटलं होतं.

धाकटा : हा कागद फाडूनच टाकतो.

ताई : का?

धाकटा : आईचा राग माझ्यावर आहे तोच बरा. तो आता तिच्या अंगवळणी पडलाय. तुझ्यावर उलटला म्हणजे? अंथरुणावरची बाई, तुझ्याच हातून घास घेते. नको म्हणाली तर कोण भरवणार तिला?

ताई : येताना गाडीत तेच मनात येत होतं.

धाकटा : मग?

ताई : निघाले तेव्हा तिनं मनगट धरून ठेवलं. म्हणाली, ‘जे निघेल ते मला जसंच्या तसं सांगशील?’ मी हो म्हटलंय. मरणाच्या दारातल्या एका माणसापाशी खोटं बोलून झालंय माझं. दुसऱ्यापाशी नाही बोलवणार.

धाकटा : मी येऊ बरोबर?

ताई : नको. ती जे बोलेल ते आधी माझं मला ऐकून घेऊ दे. आण इकडे तो कागद. अंहं, घडी नको घालूस.

धाकटा : ताई, अगं, यातून तिला तरी काय मिळणार आहे?

ताई : काही नाही रे. साडेतीनची गाडी मिळेल ना?