बरणीवरची चिठ्ठी

अकोल्याच्या नव्या स्टेशनात चिंतामण मास्तर कापसाच्या गाठींशेजारी गाडीची वाट पाहत होते. पलीकडे नागपूरच्या अजबखान्याचे एक कारकून साप ठेवलेली काचेची बरणी घेऊन बसलेले. एक बाई कारकुनांसमोर येऊन उभी राहिली.

"हाच का जी तो साप?"

"हाच. तिकडं याचे खवले मोजतील, दात तपासतील."

"चिठ्ठीवर काय लिवलं?"

"सापाची जात, गाव, तारीख."

"अन् ज्यानं तुमच्यासाठी धरला, ज्याले तो चावला, त्याचं नाव?"

"तसा रिवाज नाही, बाई."

"काहून नाई? जीव तं त्याचाच गेला."

कारकुनांनी चिठ्ठी सोडवली, दौत उघडली.

"सांगा नाव."

"घरधन्याचं नाव म्या आजवर घेतलं नाई जी."

"मग कोण सांगणार?"

तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

"चंद्रभान."