शेवटचे दोन आकडे

नाव-पत्ता सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय त्रेचाळीस. व्यवसाय सर्किट बनवणे.

मी समक्ष हजर राहून सांगते की, बेपत्ता इसम माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. ड्रोनसाठी सर्किट मी बनवते, ड्रोन तो उडवतो. आमचे निरोप दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून एक सर्किट ड्रोनमध्ये आणि तसेच दुसरे कारखान्यात माझ्या टेबलावर असते. दोन्हींत एकच सहा आकडी संख्या भरून एकाच क्षणी सुरू केले की दोन्हींतून हुबेहूब सारखी खरखर निघते. निरोप त्या खरखरीत लपून जातो. पलीकडचे सर्किट खरखर वजा करून तो वाचते. शेवटचा एक आकडा चुकला तरी काही सेकंदांत दोघांची तोंडे दोन दिशांना होतात. याला केऑस म्हणतात.

गेल्या गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, पाणी भरलेल्या खाणीची ड्रोनने मोजणी सुरू करताना भावाने ड्रोनमध्ये ०.७३६४१८ ही ठरलेली संख्या भरली; टेबलावरच्या सर्किटात मी मात्र ०.७३६४ एवढीच भरली. घाई नव्हती. ही माझी खोडच आहे. भाऊ नेहमी चिडवतो, "ताई, तू आकड्यांची शेपटं छाटतेस." बाविसाव्या सेकंदाला संपर्क तुटला. मी 'परत ये' असा आदेश दिला, तो ड्रोनला कळला नाही. ड्रोन पाण्याकडे उतरला. "आणतो गं, तू नको येऊस," असे फोनवर सांगून भाऊ खाली गेला.

शुक्रवारी सकाळी ड्रोन पाण्याच्या काठाशी मिळाला. त्यातले सर्किट याच ठाण्याच्या कपाटात सीलबंद आहे, बॅटरीशिवाय. तसे तिसरे सर्किट मी बनवलेले नाही.

शुक्रवारपासून मी रोज चार-दहाला टेबलावरचे सर्किट त्याच चुकीच्या संख्येने सुरू करते. का, ते सांगता येत नाही. करमत नाही. रोज उत्तर येते: "आदेश मिळाला. परत येतोय." पुढे बॅटरीचा आकडा असतो. शुक्रवारी तो नऊ टक्के होता, नंतर रोज एकाने कमी. काल मंगळवारी पाच. छाटलेली संख्या मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. माझी खोड ओळखून ती काढू शकेल असा एकच माणूस आहे.

आज संध्याकाळी शोध थांबणार असल्याचे साहेबांनी सांगितले. मला भीती वाटते. आकडा शून्यावर येईपर्यंत तरी शोध थांबवू नये, एवढीच विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. लेखनिकांनी खरी संख्या ०.७३६४ एवढीच लिहिली होती. "एवढ्याने काय बिघडतं, बाई?" असे ते म्हणाले. शेवटचे दोन आकडे मी त्यांच्याकडून लिहून घेतले. आता जबाब बरोबर आहे.